गौरींच्या तीन दिवसांचा विंचू: वृश्चिक तारकासमूह दिनदर्शिकेवरून कसा शोधायचा

आमच्या घरी गौरी उभ्याच्या. काही वर्षांपूर्वी पूजनाच्या संध्याकाळी आरती आटोपली, हळदीकुंकवाच्या बायका गेल्या आणि मी मागच्या अंगणात पाय मोकळे करायला आलो. दिवसभराचा पाऊस थांबला होता. दक्षिणेकडचे ढग फाटून त्या फटीत अर्धा चंद्र दिसत होता आणि त्याच्या बुडाशी एक तांबूस तारा. मागोमाग आई आली, वर बघून म्हणाली, "ही ज्येष्ठा का रे?"

"तुला कसं कळलं?"

"अरे, काल आवाहन अनुराधावर झालं, आज पूजन ज्येष्ठेवर. चंद्र तिच्याजवळ नाही तर कुणाजवळ असणार?"

आईने आयुष्यात कधी तारेनकाशा उघडलेला नाही. मी मात्र तोवर तीन-चार वर्षं नकाशे, मोबाइल आणि टॉर्च घेऊन गच्चीवर चकरा मारत होतो, आणि गौरींच्या तिथीशेजारी छापलेलं नक्षत्र म्हणजे चंद्राचा पत्ता आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. अनुराधा हे विंचवाचं डोकं, ज्येष्ठा त्याचं काळीज आणि मूळ त्याची शेपूट. गौरी येतात, जेवतात आणि जातात, तेवढ्या तीन दिवसांत चंद्र विंचवाच्या डोक्याकडून नांगीकडे सरकतो. तेव्हापासून नवख्या माणसाला वृश्चिक दाखवायचा तर मी आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढायला लावतो. खाली लिहिलेली रीत तीच आहे.

आधी वेळ ठरवा

वृश्चिकाची आपल्याशी थोडी खोडी आहे. संध्याकाळी आरामात जेवून बघावा असा तो जून-जुलैत वर येतो आणि नेमका तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो. म्हणून महाराष्ट्रात आणि गोव्यात त्याला गाठायचे दोन मोसम. एक, मार्च ते मे, पहाटे किंवा मध्यरात्री. दुसरा, सप्टेंबरच्या उघडिपीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, दिवेलागणीनंतर लगेच.

विंचवाचा सर्वांत ठळक तारा म्हणजे ज्येष्ठा, पाश्चात्त्य नाव अँटारेस. ती बरोबर दक्षिणेला, म्हणजे त्या रात्रीच्या आपल्या सर्वोच्च जागी कधी येते, याच्या वेळा पुण्या-मुंबईसाठी पाठ करायला फार सोप्या आहेत:

- १ एप्रिल: पहाटे साडेचार
- १ मे: रात्री अडीच
- १ जून: मध्यरात्री साडेबारा
- १ जुलै: रात्री साडेदहा
- १ ऑगस्ट: रात्री साडेआठ
- १ सप्टेंबर: संध्याकाळी साडेसहा, म्हणजे अजून उजेडच

कुठलाही तारा रोज सुमारे चार मिनिटं आधी येतो. महिन्याचे झाले दोन तास, म्हणून हा हिशोब इतका सरळ बसतो. पणजीला हेच वेळापत्रक चालेल, नागपूरकरांनी वीसेक मिनिटं वजा करावीत. ज्येष्ठा उगवते ती या वेळेच्या सव्वापाच तासांहून थोडं आधी आणि मावळते तितक्याच वेळाने नंतर. म्हणजे १ मेला ती रात्री नऊच्या सुमाराला उगवेल.

फक्त ज्येष्ठा उगवली म्हणजे विंचू उगवला असं समजू नका. आपल्याकडून डोकं आधी वर येतं आणि नांगी त्याच्या मागून दोन तासांनी. मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाला गच्चीवर जाऊन "हा कसला विंचू, नुसते चार तारे आहेत" म्हणून खाली आलेले लोक मी पाहिले आहेत. बारापर्यंत थांबा. नाही तर गच्चीवरच गादी टाका आणि अडीचला गजर लावा. मे महिन्यात तसंही खाली कोण झोपतं?

मेच्या शेवटी सूर्य रोहिणीत असतो. शेतकरी "रोहिण्या लागल्या" म्हणतात ते हेच दिवस. रोहिणी तारा आणि ज्येष्ठा तारा आकाशात जवळजवळ बरोबर समोरासमोर आहेत, राशिचक्रावर मोजलं तर दोघांत जवळजवळ १८० अंशांचं अंतर. त्यामुळे रोहिण्या लागल्या की सूर्य मावळताना ज्येष्ठा उगवते आणि रात्रभर आकाशात राहते. याच कारणाने हिवाळ्यात रोहिणी आणि मृग दिमाखात असतात तेव्हा विंचवाचा पत्ता नसतो. ग्रीकांनी यावर गोष्टच रचली: ओरायन नावाच्या शिकाऱ्याला विंचवाने मारलं, म्हणून विंचू उगवू लागला की ओरायन, म्हणजे आपला मृग, पश्चिमेला तोंड लपवतो.

दिशा आणि हाताची मापं

मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी जिन्याजवळ किंवा गच्चीवरच्या सळयांपाशी हमखास चुकतं. ध्रुवतारा शोधा. पुण्या-मुंबईहून तो उत्तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर असतो. त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर दक्षिण.

मूठ हे माप इथे खरोखर वापरायचं आहे. हात पुढे ताठ करून एक डोळा मिटला की वळलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, करंगळीचं टोक एक अंश आणि ताणलेली वीत वीसेक अंश. लहान मुलाची मूठ लहान असली तरी हातही आखूड असतो, त्यामुळे माप तेच राहतं. पुण्यात ज्येष्ठा दक्षिणेला आली की क्षितिजापासून ४५ अंशांवर, म्हणजे साडेचार मुठींवर असते. नागपूरला ती अडीच-तीन अंश खाली, पणजीला तितकीच वर. विंचवाच्या पोटाखालचं वळण मात्र पुण्यातही तीन मुठींच्या आत असतं, म्हणून दक्षिणेला उंच इमारत किंवा डोंगर असेल तर जागा बदला. मी एक अख्खा मे महिना अशा गच्चीवर घालवला जिथून फक्त अर्धा विंचू दिसायचा. उरलेला समोरच्या सोसायटीच्या टाकीमागे.

परदेशातल्या मराठी मंडळींनी हा हिशोब आपापल्या अक्षांशावर करून घ्यावा: नव्वदातून गावाचा अक्षांश वजा करा, त्यातून आणखी साडेसव्वीस वजा करा. लंडनला उत्तर येतं बारा अंश, आणि शेपटीचा खालचा भाग तिथे उगवतच नाही. न्यू जर्सीत ज्येष्ठा तेवीस अंशांवर येते. सिडनीकरांना हे गणित लागू नाही, त्यांच्या तर ती जवळजवळ डोक्यावरून जाते.

चंद्राला वाटाड्या करा

आता दिनदर्शिका. रोजच्या चौकटीत चंद्रनक्षत्र आणि ते किती वाजेपर्यंत आहे ते दिलेलं असतं. दर सत्तावीस दिवसांनी अनुराधा, ज्येष्ठा, मूळ ही नावं ओळीने येतात. त्या रात्री चंद्र शोधायचा, एवढंच काम. चंद्र कुठे आहे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

अनुराधा असेल त्या रात्री चंद्राच्या आसपास उभ्या ओळीत तीन तारे दिसतात का बघा, ते विंचवाचं डोकं. ज्येष्ठेच्या रात्री चंद्राजवळचा सर्वांत तेजस्वी आणि तांबूस तारा म्हणजे ज्येष्ठा. मूळ असेल तेव्हा चंद्र नांगीच्या वर, एक-दोन मुठींचं अंतर राखून असतो. नांगीला तो कधीच शिवत नाही. चंद्राचा रस्ता सूर्याच्या रस्त्यापासून पाच अंशांपलीकडे भटकत नाही आणि विंचवाची शेपूट त्या रस्त्याच्या फार खाली, दक्षिणेला लोंबते. ज्येष्ठा मात्र चंद्राच्या आवाक्यात आहे. अधूनमधून तो तिच्यावरूनच जातो आणि तारा दिसेनासा होतो. १८१९ साली अशाच एका पिधानाच्या वेळी योहान ब्युर्ग या ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञाला ज्येष्ठेचा मंद जोडीदार तारा सापडला, एरवी तो तिच्या उजेडात बुडालेला असतो.

इथे एक बारीक गोम. पंचांग आकाशाचे सत्तावीस सारखे तुकडे करतं, प्रत्येकी १३ अंश २० कला (साठ कलांचा एक अंश). खरे तारे काही असे मोजून मापून बसलेले नाहीत. ज्येष्ठा तारा "ज्येष्ठा" या तुकड्याची सुरुवात होण्याच्या सुमारे पाऊण अंश आधीच आहे, म्हणजे हिशोबाने अनुराधेच्या घरात. त्यामुळे चंद्र तिच्या सर्वांत जवळ असतो ते अनुराधा संपून ज्येष्ठा लागण्याच्या सुमाराला. चंद्र तासाला अर्धा अंश सरकतो, तेव्हा ज्येष्ठा लागून पंधरा-वीस तास झाले असतील तर तो नांगीच्या दिशेने बराच पुढे गेलेला असणार. गौरीपूजनाच्या संध्याकाळी चंद्र कधी ज्येष्ठेला चिकटलेला तर कधी मूठभर डावीकडे दिसतो, तो यामुळेच. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्या दिवशी आपलं नशीब चांगलं होतं."

गौरींच्या दिवसांत ढग असतील तर पुढची संधी नवरात्रात. ललितापंचमीच्या आसपास चंद्र पुन्हा विंचवापाशी येतो, आणि सरस्वती आवाहन तर मूळ नक्षत्रावरच करतात. त्याआधीची मोठी तारीख वटपौर्णिमा. ज्येष्ठ महिन्याचं नाव पडलंच मुळी त्यातली पौर्णिमा ज्येष्ठेच्या आसपास होते म्हणून. वडाला फेरे मारून झाल्यावर रात्री ढगांनी वाट दिली तर पूर्ण चंद्राशेजारी ती तांबडी ठिणगी बघा. अधिक महिन्याच्या वर्षात हा मेळ एखाद्या नक्षत्राने हलतो.

आता चंद्र नको

चंद्राने जागा दाखवली, त्याचं काम संपलं. त्याच्या उजेडात विंचवाचे निम्मे तारे पुसले जातात. जागा लक्षात ठेवून आठ-दहा दिवसांनी परत या, चंद्र नसलेल्या वेळी. बाहेर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशातच राहू द्या. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी लावा.

आणि बूट घाला. गंमत नाही. मेमध्ये कातळावर सतरंजी टाकून विंचू बघताना खालचा विंचूही बाहेर निघालेला असतो. कोकणातला लाल विंचू जीव घेऊ शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर किती उपयोगी पडतं ते दाखवलं, त्यावर जगभर चर्चा झाली, २०२२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण आपण त्या औषधाची गरज पडू न दिलेली बरी. सतरंजी पसरण्याआधी दगड उलटून बघा.

दक्षिणेला तोंड. ज्येष्ठा सापडली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच अंशांवर एकेक मंद पांढरा तारा आहे, उजवीकडे किंचित वर एक आणि डावीकडे किंचित खाली दुसरा. मधे पालखी आणि दोन बाजूंना भोई, असं मुलांना सांगितलं की ती विसरत नाहीत. हे तिघे मिळून ज्येष्ठा नक्षत्र. ही त्रिकूट खूण फार कामाची आहे, कारण तांबूस ग्रह जवळ आला तरी त्याला असे भोई नसतात.

ज्येष्ठेच्या उजवीकडे, मुठीपेक्षा कमी अंतरावर, वरून खाली तीन तारे: ही अनुराधा. मधल्या ताऱ्याकडे जरा रोखून बघा. तो पूर्वी दुसऱ्या प्रतीहून (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) थोडा मंद होता. २००० साली अर्जेंटिनातल्या सेबॅस्टियन ओटेरो या हौशी निरीक्षकाला नुसत्या डोळ्यांनी शंका आली की हा नेहमीपेक्षा ठळक दिसतोय. खरंच तसं होतं, आणि तेव्हापासून त्याची चमक कमीजास्त होत असते. तुम्हीही दर वर्षी त्याची वरच्या ताऱ्याशी तुलना करून वहीत लिहू शकता. काही साहित्य लागत नाही.

आता ज्येष्ठेच्या डाव्या भोयापासून खाली या. सात अंशांवर एक ठळक तारा. त्याखाली चार अंशांवर दोन तारे एकमेकांना खेटून. वसिष्ठ-अरुंधती वेगळे दिसतात म्हणून डोळे चांगले समजणाऱ्यांची इथे परीक्षा आहे, कारण या दोघांतलं अंतर त्याच्या निम्मं आहे. आणखी चार अंश खाली पुन्हा एक जोडी, एक नारिंगी आणि एक निळसर पांढरा. दिसायला शेजारी, पण नारिंगी तारा आपल्यापासून सव्वाशे-दीडशे प्रकाशवर्षांवर आणि दुसरा काही हजार प्रकाशवर्षांवर. इथून शेपूट डावीकडे वळते, दोन ठळक ताऱ्यांवरून सपाट जाते आणि मग एकदम वर उचलली जाते. उचललेल्या टोकाला पुन्हा दोन तारे जवळजवळ: डावा तेजस्वी, उजवा त्याहून मंद. ही नांगी. डाव्याचं अरबी नाव शौला, आणि मूळ नक्षत्राचा योगतारा, म्हणजे मुख्य तारा, हाच.

एकदा ही रेघ डोळ्यांत बसली की जन्मात सुटत नाही. आकार विंचवाचा खराच, पण कोकणातल्या माणसाला तो आधी मासेमारीचा गळ वाटेल, आणि त्यात तो एकटा नाही. पॉलिनेशियातले दर्यावर्दी लोक या ताऱ्यांना गळच म्हणतात, माउई या त्यांच्या वीराचा.

विंचवाचे पुढचे चिमटे कुठे, असं मुलं विचारतात. ते कापून नेले. डोक्याच्या उजवीकडे तूळ राशीचे दोन ठळक तारे आहेत, त्यांची अरबी नावं आजही "दक्षिणेचा चिमटा" आणि "उत्तरेचा चिमटा" या अर्थाची आहेत. पुढे तिथे तराजू कल्पिला गेला, आणि विंचू थोटा झाला.

द्विनेत्री असेल तर

१० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, या भागासाठी दुर्बिणीपेक्षा बरी, असं माझं स्पष्ट मत. दुर्बीण मांडून, जुळवून, शेजाऱ्यांना रांगेत उभं करून होईपर्यंत विंचू कलतो.

कोपर गच्चीच्या कठड्यावर टेका. ज्येष्ठा मधोमध घ्या आणि तिच्या उजवीकडे सव्वा अंशावर बघा: धुरकट गोल डाग. तो एम-४ (एम म्हणजे मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची यादी), काही हजार प्रकाशवर्षांवरचा गोलाकार तारकागुच्छ. शहरातून तो रुसतो. न दिसल्यास निराश होऊ नका, गावी गेलात की पुन्हा बघा.

नांगीकडे या. शौलापासून अर्धी मूठ डावीकडे आणि थोडं वर एम-७ आहे. अंधाऱ्या जागेवरून तो डोळ्यांनाही ढगाच्या पुंजक्यासारखा दिसतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी या प्राचीन खगोलशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली होती, म्हणून त्याच्या नावानेही ओळखतात. द्विनेत्रीत तो पुंजका फुटतो आणि तारे सांडल्यासारखे दिसतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीने पहिल्यांदा बघून "रांगोळी सांडली" म्हटलं होतं, त्यापेक्षा बरं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. त्याच्या उजवीकडे वर, जवळजवळ चार अंशांवर, एम-६ हा छोटा गुच्छ, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. याच्याही थोडं वर, धनूच्या हद्दीत, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. तिथे धुळीमुळे दिसत काहीच नाही, पण या बाजूला आकाशगंगेचा पट्टा सर्वांत रुंद आणि उजळ का होतो त्याचं उत्तर तिथे आहे.

डोळ्यांना मुळीच न दिसणारी एक जागाही दाखवून ठेवतो. अनुराधेच्या वरच्या ताऱ्यापासून पाच-साडेपाच अंश वर आणि किंचित डावीकडे स्कॉर्पियस एक्स-१ आहे. १९६२ साली रिकार्दो जाकोनी आणि सहकाऱ्यांनी रॉकेटवरून उपकरण पाठवलं तेव्हा सूर्यमालेबाहेरचा क्ष-किरणांचा पहिला स्रोत इथे सापडला. क्ष-किरण खगोलशास्त्र इथून सुरू झालं, आणि जाकोनींना २००२ साली त्यासाठी नोबेल मिळालं.

मंगळ की ज्येष्ठा?

अँटारेस या ग्रीक नावाचा अर्थच "मंगळाचा प्रतिस्पर्धी". दोघेही तांबूस, आणि मंगळ साधारण दोन वर्षांनी तिच्याजवळून जातो. ऑगस्ट २०१६ मध्ये शनी, मंगळ आणि ज्येष्ठा एका रेषेत आले होते, तेव्हा मी गच्चीवर जमलेल्या मंडळींना आत्मविश्वासाने मंगळालाच ज्येष्ठा म्हणून दाखवलं. आठवीतल्या एका पोराने विचारलं, "काका, मग ही लुकलुकत का नाही?" भोई शोधले असते तर लाज गेली नसती. तारा लुकलुकतो, ग्रह सहसा स्थिर तेवतो. शंका असेल तर आठवड्याने बघा, ग्रह हललेला असेल.

तेज जवळपास सारखं दिसलं तरी दोघांत तुलना नाही. मंगळ पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा. ज्येष्ठेचा व्यास सूर्याच्या सुमारे सातशे पट, ती सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाची कक्षाही तिच्या पोटात जाईल. अंतर साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास.

"माझी रास वृश्चिक, मग वाढदिवसाला हा दिसत का नाही?"

हा प्रश्न दर वेळी येतो. सूर्य ज्या तारकासमूहात असतो तो त्या दिवसांत सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो, म्हणून दिसत नाही. इंग्रजी भविष्यातला वृश्चिक साधारण २३ ऑक्टोबरला सुरू होतो, आपल्या पंचांगातला १६ नोव्हेंबरच्या सुमाराला, आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीमारेषांप्रमाणे सूर्य वृश्चिकात शिरतो २३ नोव्हेंबरला. आणि तिथे राहतो किती? जेमतेम आठवडा. त्याचा रस्ता विंचवाचं डोकं ओलांडून लगेच भुजंगधारी या समूहात जातो आणि तिथे १७ डिसेंबरपर्यंत मुक्काम करतो. बारा राशींत नाव नसलेल्याच्या घरी अडीच आठवडे आणि वृश्चिकाकडे सात दिवस.

पंचांगातल्या वृश्चिक राशीत विशाखाचा चौथा चरण, अनुराधा आणि ज्येष्ठा येतात. मूळ जातं धनूत. म्हणजे आकाशात जी विंचवाची नांगी तीच राशीच्या हिशोबात धनूची सुरुवात. चूक कुणाचीच नाही, एक मोजपट्टी आहे आणि दुसरं चित्र. चीड येते ती वेगळ्या गोष्टीची: मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून मुलीचं लग्न अडवणारी माणसं अजून आहेत. अशा घरातल्या कुणाला तरी एकदा गच्चीवर नेऊन शौला दाखवावी, कितीशे प्रकाशवर्षांवरून ती कुणाच्या सासऱ्याला काय करणार ते विचारावं.

अंधारी जागा

शहरातून ज्येष्ठा, अनुराधा आणि नांगी दिसतात, मधला भाग हरवतो. पुण्यात १९४४ पासून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचं खगोल मंडळ आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात, पहिली रात्र अशा जाणत्या लोकांबरोबर काढलेली उत्तम. विदर्भातल्यांच्या हाताशी पेंच आहे. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली.

शेवटची संधी ऑक्टोबरात

पाऊस गेल्यावरची धुतलेली हवा, नैऋत्येला मोकळं क्षितिज, शक्य असल्यास समुद्र किंवा पठार. १५ ऑक्टोबरच्या सुमाराला संध्याकाळी सव्वासातला ज्येष्ठा दोन मुठींवर असते. मेमध्ये गळासारखा उभा लोंबणारा विंचू आता आडवा झालेला दिसेल: डोकं उजवीकडे, पोट क्षितिजाला टेकत आलेलं आणि नांगी डावीकडे वर उचललेली, डोंगराच्या धारेवरून चालल्यासारखा. आधी अनुराधा जाते. पुण्यात नऊच्या जरा आधी ज्येष्ठा धुरात लाल होत विझते. उठू नका. तिच्यानंतर पाऊण तासाने नांगीचे ते दोन तारे मावळतात, आधी उजवीकडचा मंद, मग शौला.